सरकलेली लेन्स आणि लांज्याची गाडी

त्या दिवसांत माझं देवाशी बोलणं बंद होतं. दोन हजार चार-पाचचा सुमार असेल. मी शाळेतून निवृत्त होऊन मालगुंडला घरी होतो. उजवा डोळा लहानपणीच कामातून गेलेला, डाव्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आत लेन्स बसवलेली. एका सकाळी बागेत नारळाची झावळी कपाळावर आपटली. दोन दिवसांत एकाचे दोन दिसू लागले, अक्षरं तर पुसूनच गेली.

रत्नागिरीच्या डॉक्टरांनी सांगितलं, आतली लेन्स जागेवरून सरकली आहे. डोळ्याला मोठा छेद देऊन ती काढायची, दुसरी बसवायची, जोखीम आहे. एकाच डोळ्यावर जगणारा माणूस जोखीम कशी घेणार? नको म्हणून बाहेर पडलो. इतकी वर्षं दर अंगारकीला गणपतीपुळ्याला पायी गेलो, त्याचं हेच का फळ, असं मनात म्हणत एस.टी. स्टँडवर आलो. मास्तर असून पाटी वाचता येईना, आणि कुणाला विचारायची लाज वाटली. अंदाजाने एका गाडीत चढलो.

शेजारी बुरख्यातली पन्नाशीची एक बाई होती. मालगुंडला गाडी कधी पोचेल, असं मी तिला विचारलं.

"काका, ही लांज्याची गाडी आहे," ती म्हणाली. मग हळूच, "दिसत नाही का तुम्हाला?"

कुणापुढे बोललो नव्हतो, ते सगळं तिच्यापुढे बोललो. ऐकता ऐकता ती पिशवी घेऊन उठलीच. तिचे वडील होडीत पडले तेव्हा त्यांची लेन्स अशीच सरकली होती. त्यांना बरं करणारे मुंबईचे डॉक्टर महिन्यातून एकदा रत्नागिरीत येत, आणि ते नेमके आज आले होते. स्वतःची गाडी सोडून तिने मला रिक्षाने तिथे नेलं, नंबर लावला, तपासणी होईपर्यंत बसून राहिली. आमच्या शेजाऱ्यांकडे फोन करून माझ्या बायकोला निरोपही दिला.

ते डॉक्टर म्हणाले, लेन्स काढायला नको. दोन-तीन बारीक छिद्रांतून तीच मध्यावर आणून टाक्यांनी अडकवू. त्यांच्या पुढच्या खेपेला ऑपरेशन झालं. टेबलावर रोजचं पाठ असलेलं स्तोत्र दुसऱ्याच ओळीला अडलं. शेवटी एवढंच म्हणालो, "बाप्पा, मला काही आठवत नाही. तूच बघ." आणि छाती हलकी झाली.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. समोर कॅलेंडर होतं. थोडं धूसर होतं, पण प्रत्येक तारीख एकेकटी उभी होती. मी एकपासून तीसपर्यंत मोठ्याने वाचत गेलो. नर्स हसत होती, मी रडत होतो.

महिन्याभराने लांज्याला त्या बाईच्या घरी गेलो. आभार मानू लागलो तर ती म्हणाली, "मी काय केलं? त्यानेच तुम्हाला चुकीच्या गाडीत बसवलं, आणि मला तुमच्या शेजारी."

हा चमत्कार होता असं मी म्हणत नाही. डॉक्टरांचा हात कसबी होता, ती बाई मायाळू होती. पण मी रुसून पाठ फिरवली होती, तेव्हाही मला कुणी सोडलं नव्हतं, एवढं कळलं. देवाकडे मागणं माझं अजून सुटलेलं नाही. फक्त कुठल्या वाटेने द्यायचं, ते आता मी त्याला सांगत नाही.