दोन वाट्यांचा कस

आजही कुणाच्या गळ्यात मंगळसूत्राच्या दोन वाट्या दिसल्या, की ती घटना जशीच्या तशी डोळ्यांपुढे उभी राहते. मी तेव्हा भोपाळमधल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. बिट्टन मार्केटच्या भाजीबाजारात मोटरसायकलवरून आलेल्या एका चोराने एका मराठी बाईंचं मंगळसूत्र हिसकावून नेलं होतं. बाई इंद्रपुरीत राहणाऱ्या, मुलं मोठी झालेल्या. तक्रारीची रपट नोंदवायला त्या नवरा आणि सासूबाईंसह आल्या.

लुटल्या गेल्या सूनबाई, पण जबानी सासूबाई देत होत्या. मी मराठी आहे हे कळताच त्यांनी मला साहेबावरून थेट बाळावर आणलं.

"लिहून घे रे बाळा. एक वाटी आमची, चांगली जाडजूड. दुसरी हिच्या माहेरची, कागदासारखी. पोस्टमनच्या घरचं सोनं ते, असून असून किती असणार!"

लिहिणारा हवालदार विदर्भ तर सोडाच, बैतूलच्या खालीही कधी उतरला नव्हता. त्याने विचारलं, "साहब, मंगलसूत्र एक गया कि दो?" एक वाटी माहेरची आणि एक सासरची, दोन्ही मिळून एकच मंगळसूत्र, हे त्याला समजवायला मला चहा मागवावा लागला.

नवरा कारखान्यात मोठमोठी यंत्रं हलवत असे. आई आणि बायकोच्या मध्ये बसल्यावर मात्र तो स्वतःच हलेना.

निघताना सूनबाई मागे रेंगाळल्या. "साहेब, वडील गेले माझे. त्यांच्या हातचं एवढंच माझ्याकडे होतं. लग्नापासून त्या वाटीवरून ऐकून घेते आहे, पण गळ्यातून कधी काढली नाही. मिळेल ना?" मला वाईट वाटलं. मी ठाण्यात नेहमी देतात ते उत्तर दिलं, "प्रयत्न करू."

बाजारातल्या कॅमेऱ्यात दिसलं ते फक्त हेल्मेट. पुढचं काम एका सराफाच्या फोनने केलं. एक इसम मंगळसूत्र विकायला आला होता. एक वाटी खरी आणि एक खोटी आहे, एवढंच सराफाने म्हटल्यावर तो दुकानातच आरडाओरडा करत होता. आमची माणसं पोहोचली, तेव्हा हा गडी सराफाला ऐकवत होता, "बीवी का है भाई! ससुराल वालों ने ठग लिया मुझे!" बायकोचं नाव विचारल्यावर मात्र त्याला आठवेना, आणि तिथेच त्याचं लग्न मोडलं.

चौकशीत त्याने गुन्हा लगेच कबूल केला, पण तक्रार त्याचीच जास्त होती. "साहब, मेरे साथ धोखा हुआ है. आधा माल नकली है. सजा भी आधी होनी चाहिए."

हवालदार हसला. "लड़की वालों ने नकली दे दी होगी." साऱ्या ठाण्याने माना डोलावल्या. खरं सांगायचं तर माझीही डोलली.

जप्त मालाची ओळख पंचांसमोर पटवायची, तीही मिळत्याजुळत्या वस्तूंत मिसळून. भोपाळमध्ये वाट्यांची मंगळसूत्रं आणायची कुठून? एक माझ्या बायकोचं आणलं, दोन तिच्या मैत्रिणींची. "अदलाबदल झाली तर ठाण्यातच जेवा," असं सांगून तिने ते दिलं.

सासू, सून आणि नवरा आले, ओळख बिनचूक पटली. मग मी म्हणालो, "यातली एक वाटी खोटी आहे, असं चोर म्हणतो."

सासूबाई उजळल्या. "मी इतकी वर्षं दुसरं काय म्हणत होते?"

"कोणती वाटी कुणाची, ते आधी पंचांना सांगा."

त्यांनी जाड वाटीवर बोट ठेवलं. "ही आमची." सूनबाईंनी पातळ वाटीला हात लावला. बापाची लाज आता त्या एवढ्याशा वाटीत होती.

तपासणीसाठी दुसरा सराफ बोलावला होता. त्याने काळ्या कसोटीवर पातळ वाटी घासली. पिवळी रेघ उमटली, त्यावर तेजाबाचा थेंब टाकला. रेघ जिथल्या तिथे. मग त्याने जाड वाटी उचलली आणि विचारलं, "माँजी, ऊपर का पानी छोड़कर अंदर देखना पड़ेगा. थोड़ी कानस मारूँ?"

"मारा, खुशाल मारा! खऱ्याला कसली भीती?"

त्याने कानस मारली, रेघ ओढली, थेंब टाकला. रेघ हिरवट फसफसली आणि नाहीशी झाली.

"ताँबा है माँजी. ऊपर सोने का पानी."

मग सासूबाई म्हणाल्या, "मग ती पातळ आमची असेल."

"आई!" नवऱ्याच्या तोंडून पहिल्यांदाच शब्द फुटला.

सासूबाई मटकन बाकावर बसल्या. "हिच्या सासऱ्यांनीच सोनाराकडून करून आणली होती. म्हणाले, वजनदार करून घेतलीय." मग वर छताकडे बघून म्हणाल्या, "अहो, मलाही फसवलंत!"

मला त्यांची कीव आली. सूनबाईंनी मात्र डोळे पुसले, पदर सारखा केला आणि सराफाला म्हणाल्या, "भैया, कौन सी असली है, जरा फिर से बोलो. आईंना ऐकू आलं नसेल." दोन खोल्यांपलीकडची कुजबुज ऐकणाऱ्या सासूबाईंसाठी सराफाने मोठ्या आवाजात सांगितलं, "पतली वाली! खरा सोना!"

उत्साहाच्या भरात तो ओळखीसाठी मिसळलेल्या मंगळसूत्रांकडे वळला. "साहब, लगे हाथ इनका भी देख लूँ?" मी घाईने डबी बंद केली. माझ्या बायकोची सासरची वाटी आमच्या वडिलांनी केली होती, आणि मला त्या ठाण्यात जेवायचं नव्हतं.

या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली. संशय कुणावर गेला, हे प्रत्येक पोलीस बघतो. तो कुणावर गेलाच नाही, हेही बघावं. खोटी वाटी मुलीकडचीच, असं चोर, हवालदार आणि मी तिघेही धरून चाललो होतो. एकट्या सासूबाईंना दोष कसा देऊ?

कोर्टाच्या हुकमाने माल परत मिळाला, तेव्हा सूनबाई एकट्याच न्यायला आल्या. मी आपुलकीने म्हणालो, "ती तांब्याची वाटी आता बदलून घ्या."

"बदलायची कशाला, साहेब?" मंगळसूत्र गळ्यात घालत त्या म्हणाल्या. "आता तर ती रोज पदराबाहेर काढून घालणार आहे."