हिराजीमामांची सुतळी

धामणकर नाक्यामागे लूमच्या शेडला लागून आमची खोली होती. भिंत एकच, पलीकडे माग चालू झाले की इकडे फळीवरची भांडी थरथरत. वडील मागावर काम करता करताच गेले. आईने मागासाठी सुताच्या कांड्या भरून मला शिकवलं. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला, हे मी आजही लपवत नाही. नोकरी लागली ती मात्र नागपूरला. त्याच वर्षी, त्र्याहत्तर साली, डॉक्टर म्हणाले, "बाईंच्या छातीत कापसाचं तूस बसलंय. पावसाळ्याआधी त्यांना इथून हलवा."

हलवायला जागा एकच होती. खारबावला आमची एक दगडी कोठी होती, मिठागर बंद पडलं तेव्हा आजोबांना मिळालेली. दोन खण, बसलेलं छप्पर, खिडकी एकही नाही. ती राहण्याजोगी करायला गावातले हिराजी गवंडी तयार झाले.

साठीचा माणूस, कानामागे कोळशाचा तुकडा, कमरेला सुतळीचं गुंडाळं. दोन दिवसांच्या रजेत मी आईला घेऊन कोठीवर त्यांना भेटलो आणि नागपुरात आठवणीने काढलेला नकाशा पुढे धरला. त्यांनी तो उलटा केला, सुलटा केला.

"कागद बरोबर हाय, भाच्या. घराचंच त्वांड चुकलंय."

मी दार खाडीकडे दाखवलं होतं. ते विहिरीकडे होतं.

"एवढा शिकलास न् सोताच्या घराचं दार इसरलास?" आई म्हणाली.

"र्‍हाऊं दे गं, अक्का. त्याला कागद वाचता येतो, मना भिंत."

मी परतलो. पुढची रजा दिवाळीशिवाय मिळणार नव्हती. हिराजीमामांना लिहिता येत नव्हतं आणि फूट-इंचांवर त्यांचा विश्वास नव्हता. दर पंधरवड्याला पाकीट यायचं. आत गाठी मारलेली सुतळी आणि पोस्टमनने लिहून दिलेल्या दोन ओळी. "पयली गाठ जमीन. दुसरी गाठ वटा." मी पहिली गाठ फरशीवर अंगठ्याने दाबून सुतळी भिंतीवर ताणायचो आणि पेन्सिलीने खुणा करायचो. माझ्या भाड्याच्या खोलीत कोठी अशी वर चढत होती. काम चांगलं चाललंय असं कळवलं की उत्तर ठरलेलं: "बरं का वाईट, ते पावसाला इचार."

एप्रिलमध्ये खिडकीची सुतळी आली. मी नकाशात खिडकी चार फुटांवर काढली होती, उभ्या माणसाला वारा लागेल अशी. गाठ जेमतेम दोन फुटांवर होती. मी कडक पत्र लिहिलं: नकाशाप्रमाणेच करा, एवढ्या खालून चोर आत येईल.

उत्तर आलं. "चोराला न्यायाला हाय काय तुमच्याकडं? तुमच्या मागाकडल्या खोलीवर जाऊन, तुजी आय बसते तिथनं माप घेतलंय. तू खाली बस न् बग."

मी बसलो. गाठ माझ्या हनुवटीशी आली.

आईच्या प्रत्येक कार्डात शेजाऱ्याच्या अक्षरात "मी बरी आहे" असायचं. तिला आता उभं राहवत नव्हतं, हे मला कोणी लिहिलं नव्हतं. मला रडू आलं नाही. काहीच झालं नाही. उठून चहा केला, तो प्यायचा राहिला. मग कार्ड घेतलं आणि लिहिलं, "गाठीप्रमाणे करा."

मे संपायच्या आत आई मावशीला सोबत घेऊन कोठीत राहायला गेली. दिवाळीत मी पोचलो तेव्हा ती खिडकीशी बसली होती. मी दिसताच तिने हात हलवला, उठली नाही. मामा ओट्यावर विडी ओढत होते. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "एक पावसाळा झाला. अजून इचारायचाय."

पुढच्या वर्षी पोस्टमनचं कार्ड आलं. पाकीट नव्हतं. हिराजी गवंडी वारले, एवढंच लिहिलं होतं. मी ऑफिसात होतो. कार्ड खिशात ठेवलं आणि समोरची फाईल पुरी केली. घरी गेल्यावर भिंतीवरच्या पेन्सिलीच्या खुणा दिसल्या. त्या मी पुसल्या नाहीत.

आई त्या कोठीत सहा पावसाळे राहिली. कोठी एकदाही गळली नाही.