रियाधची अजान, हाइलची मेस

सौदीतल्या हाइल शहराजवळच्या एका शेती कंपनीच्या कॅम्पमध्ये मी कामगारांसाठी चालणारं छोटं केबल चॅनल सांभाळतो. आधी महाराष्ट्रात एका जिल्हा वृत्तवाहिनीत होतो, म्हणून इथे मला सगळे ‘न्यूजवाले’ म्हणतात. आमच्या चॅनलवर बातम्या नसतात. कार्यक्रम रियाधच्या एका पुरवठादाराकडून गठ्ठ्याने येतात: मालिका, पाककृती, प्रश्नमंजूषा. तोच गठ्ठा खफजीच्या तेल कामगारांच्या कॅम्पात चालतो आणि जेद्दाच्या बलद या जुन्या भागातल्या हॉटेलांतही.

रमजानमध्ये एकच गोष्ट आमची स्वतःची असते, मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताची अजान. हाइल रियाधच्या बरंच पश्चिमेला आहे. सूर्य इथे वीसेक मिनिटं उशिरा मावळतो. त्यामुळे पुरवठादार आम्हाला अजान नसलेले एपिसोड पाठवतो आणि अजान हाइलच्या वेळेला आम्ही लावतो. मेसमधले लोक तिच्यावर रोजा सोडतात. फोन प्रत्येकाच्या खिशात असतो, त्यात वेळही असते. पण दिवसभर गव्हाला पाणी देऊन आलेला माणूस फोन काढत नाही. टीव्ही बोलला की हात खजुराकडे जातो.

त्या दिवशी धूळ होती आणि आकाश दुपारपासून मातकट होतं. एपिसोड उशिरा आला. घाईत सुरुवात आणि शेवट पाहून लावायचा, ही आमची रीत. दोन्ही ठीक होतं. कंटेनरमधल्या आमच्या खोलीत ऑपरेटर बसला होता. रायगडच्या किनाऱ्यावरचा, स्वतः रोजेदार. प्रश्नमंजूषेचा सूत्रधार मध्येच थांबला, पडदा हिरवा झाला आणि अजान सुरू झाली.

ऑपरेटर ताडकन उठला. “भाऊ, ही आपली नाय! रियाधवाल्यांची फाइल पाठवलीय. आपल्याकडे अजून सूर्य वर आहे.”

त्याने आवाज तोडला, मग चित्र. तोवर अजानची पहिली ओळ मेसमध्ये ऐकू गेली होती. मेसच्या सुपरवायझरने फोन उचलला नाही.

“तुम्ही धावा,” ऑपरेटर म्हणाला. “लोकांचे रोजे मोडले तर गुनाह माझ्या मानेवर.”

मी अंगण ओलांडून मेसमध्ये शिरलो. टीव्ही काळा होता, पण त्याच्याकडे कोणी पाहत नव्हतं. हात ताटाकडे गेले होते.

“रुको! टाइम नहीं हुआ! वो रियाध की अजान थी!”

हात थबकले. मागून एकजण मराठीत म्हणाला, “न्यूजवाले, रोजा आमचा आणि थांबा तुम्ही सांगणार?” दुसऱ्याने जोडलं, “ब्रेकिंग न्यूज, सूरज वापस आ गया!” थोडे हसले. मग हसणं थांबलं, कारण पुढच्या रांगेतल्या रत्नागिरीच्या फिटरने हातातला ग्लास खाली ठेवला होता. ग्लास रिकामा होता.

“मी प्यायलो,” तो म्हणाला. “खजूरपण खाल्ला.”

“थुंक, थुंक!” शेजारचा म्हणाला.

“गिळला रे.” त्याने माझ्याकडे पाहिलं. “गेला का माझा रोजा?”

मला ते ठाऊक नव्हतं.

सुपरवायझर स्वयंपाकघरातून आला. “खलास, जिसने खाया सो खाया. बाकी सब हाथ नीचे.”

सगळे बसून राहिले. समोशांचा वास येत होता, पण ताटाकडे कोणी पाहत नव्हतं. फिटरही गुडघ्यांवर हात ठेवून तसाच बसला.

“तुझा सुटलाच आहे, तू खा ना,” शेजारचा म्हणाला.

“गप बस.”

वेळ झाली. ऑपरेटरने अजान लावली. हॉलमध्ये कोणी हललं नाही. लोकांनी टीव्हीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“ही आपली आहे,” मी म्हणालो.

तरीही कोणाचा हात उठला नाही. एक म्हातारा वेल्डर उठला आणि दार उघडून बाहेर गेला. त्याच्यामागे दुसरा, मग रांगाच्या रांगा. धुळीत उभे राहून त्यांनी शेजारच्या गावाकडे कान लावले. वाऱ्यामुळे आधी काही ऐकू येईना. मग मशिदीतला आवाज आला, तुटक पण ओळखता येईल असा. लोक आत वळले.

रात्रीच्या नमाजानंतर गावातल्या मशिदीच्या इमामांनी फिटरला सांगितलं की नजरचुकीने झालं, गुनाह नाही, मात्र हा रोजा ईदनंतर परत ठेवावा लागेल. पुरवठादाराने फाइल बदलून पाठवली आणि सोबत दिलगिरीचा एका ओळीचा मेसेज.

ईदनंतर कॅम्प पुन्हा दुपारी जेवू लागला. ऊन तापलं होतं. एके दिवशी सगळे मेसमध्ये असताना फिटर शेताच्या कडेला पंपाची मोटर उघडून बसलेला दिसला. पाण्याची बाटली जवळ नव्हती. त्याच दुपारी मी ऑपरेटरपुढे चहा ठेवला, तर त्याने कप सरकवला.

“तुमचा रोजा तर पूर्ण झाला होता,” मी म्हणालो.

“माझा झाला होता, भाऊ. त्याला एकट्याला कसा ठेवायला लावू?”

संध्याकाळी तो चॅनल माझ्यावर सोपवून निघाला. फिटर गेटपाशी थांबला होता. दोघे गावातल्या मशिदीकडे चालत गेले.