भिंगरीकडे पाठ

मायाप्पा कांबळे एकतीस वर्षं निपाणी-बेळगाव गाडीवर कंडक्टर होते. दिवसभर माणसांत उभं राहायचं, मराठीत गप्पा मारायच्या, कन्नडात भांडायचं, त्यातच उमर गेली. ते निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत बायको सोनुबाई गेली. मुलगी पारमिता बेंगळुरात इंजिनिअर. ती रोज फोन करायची, पण फोन ठेवला की घर पुन्हा गप्प. दुपार कलली की मायाप्पांच्या ध्यानात यायचं, आज आपण कुणाशी अवाक्षरही बोललेलो नाही.

चिकोडीतल्या एका साहेबांची बदली झाली. त्यांची वर्षाची तांबूस कुत्री कुणी घेईना, म्हणून मायाप्पा तिला घेऊन आले. तिचं नाव भिंगरी, आणि ती होतीही तशीच. फाटक वाजलं की सुसाट पळत येऊन छातीवर उडी घ्यायची आणि मनगट तोंडात धरायची. राग नव्हता तिला, पण दात लागायचेच. मायाप्पांचे दोन सदरे फाटले, हात ओरखड्यांनी भरले. ओरडलं तर तिला तो खेळ वाटे, ढकललं तर दुप्पट जोरानं अंगावर येई.

घरी येणारं माणूस एकच, कोगनोळीची थोरली बहीण जयाबाई. दर गुरुवारी बाजार करून ती भावाकडे जेवायला यायची. त्या गुरुवारी भिंगरीनं दारातच तिच्यावर झेप घेतली. जयाबाई खाली आदळली, मनगट मुरगळलं.

"हे जनावर हाय तवर मी न्हाय यायची," ती कण्हत म्हणाली.

"आक्का, बारकं हाय गं ते."

"मी म्हातारी हाय न्हवं?"

मायाप्पांनी हात देऊन तिला उठवलं. त्यांनी तिला दवाखान्यात नेलं, पट्टी बांधून गाडीत बसवून दिलं. परत आले, तर फाटकाशी भिंगरी तशीच उड्या मारत होती.

दुसऱ्या दिवशी ते गुरांच्या दवाखान्यात गेले. तिथल्या कल्याणी डॉक्टरांनी हातावरचे ओरखडे बघितले.

"तिनं उडी मारली की पाठ फिरवा, काका. बोलू नका, बघू नका, हात पोटाशी धरा. चारी पाय जमिनीला टेकले, की लगेच लाड करा. दात लागले, तर तिथंच खेळ बंद. चघळायला जाड दोरी द्या. आणि सकाळ-संध्याकाळ चांगलं फिरवा, तिची रग जिरू दे."

"एवढंच?"

"एवढंच. पण रोज. आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांनाही असंच वागायला सांगा."

येणारं-जाणारं कोण होतं? मग मायाप्पाच पाहुणे झाले. फाटकाबाहेर जायचं, कडी वाजवायची, "हाय का कोण घरात?" म्हणत आत यायचं. भिंगरीनं झेप घेतली की भिंतीकडं तोंड करून उभं राहायचं.

पहिल्याच दिवशी त्यांना ते जड गेलं. तिची नखं पाठीवर घासत होती, ती कुंई कुंई करत होती. सोनुबाई गेल्यापासून आपल्याला बघून इतकं हरखलेलं कुणी नव्हतं, आणि तिच्याकडंच पाठ करायची? भिंतीकडं बघता बघता त्यांचे डोळे भरून आले. तरी ते वळले नाहीत. तिचे पाय खाली टेकल्याचं जाणवलं तसे खाली बसले आणि तिचं डोकं दोन्ही हातांनी कुरवाळत राहिले.

दिवसातून वीस-वीस वेळा ते स्वतःच्याच घरी पाहुणे होऊन आले. समोरची मालुबाई खिडकीतून बघून हसायची, पण एकदाही रस्ता ओलांडून आली नाही. मधे आठवडाभर भिंगरी पहिल्यापेक्षा जास्त उसळली. मायाप्पांनी हट्ट सोडला नाही. दुसरा महिना सरता सरता ती कडी वाजली की थरथरत बसायला लागली. हाताऐवजी दोरी तोंडात धरायला लागली.

मग त्यांनी जयाबाईला फोन केला. ती आली, पण फाटकाबाहेरच थांबली. भिंगरी उठली, पुन्हा बसली, शेपटीनं फरशी झाडत राहिली.

"आत ये आक्का. काय करत न्हाय."

जयाबाई भीत भीत आत आली, जेवली. निघताना तिनं दुरूनच भिंगरीला भाकरीचा तुकडा टाकला.

"वस्तीला राहा की आजच्या दिवस," मायाप्पा म्हणाले.

"घरात नातवंडं हायती रं. पुढल्या गुरुवारी येतो."

भिंगरीला घेऊन ते बहिणीला स्टँडवर सोडायला गेले. चारची गाडी निघाली. मायाप्पांनी भिंगरीचा पट्टा हाताला गुंडाळला आणि घरी न जाता तिला घेऊन तळ्याच्या वाटेला लागले. चालता चालता दिवसभराचं सगळं ते तिला सांगत होते.