दूर्वा आणायला गेले तेव्हा

त्या संकष्टीला मी बाप्पाशी भांडले होते, हे आधी कबूल करते. अकरा संकष्ट्या उपास करायचा, लिंबागणेशच्या गणपतीला पायी जायचं आणि मागणं एकच, कंप्युटरची नोकरी. पदवी हातात होती. पुण्यात सात मुलाखती देऊन आले होते. सगळीकडून 'नंतर कळवू'. एका बाईंनी मात्र स्पष्ट सांगितलं, तुमचं बोलणं गिऱ्हाइकांपुढे चालायचं नाही. तोंडातून 'हाय' अन् 'न्हाई' निसटलं होतं ना! इकडे दुष्काळाचं दुसरं वर्ष. दिवाळीनंतर भाऊ ऊसतोडीला जाणार होता, आणि एका कोयत्याला, म्हणजे तोडणीच्या जोडीला, दोन माणसं लागतात. तोवर नोकरी लागली नाही तर दुसरं माणूस मी, असं घरात ठरलं होतं. त्या कामात कमीपणा नाही, आईचं निम्मं आयुष्य उसाच्या फडात गेलं. पण मी फडात जाऊ नये म्हणूनच तिनं मला शिकवलं होतं.

अकरावी संकष्टी उजाडली आणि मी अंथरुणातूनच जाहीर केलं, आता जाणार नाही. आई रागावली नाही. म्हणाली, "नगं जाऊ. मी जाते. दूर्वा तेवढ्या आणून दे." दुष्काळात दूर्वा कुठल्या? गावात हिरवं म्हणावं असं एकच ठिकाण उरलं होतं, दूध संस्थेच्या मागं, जिथं कॅन धुतल्याचं पाणी वाहून जातं. तोंड वाकडं करतच मी तिकडे गेले.

दूर्वा खुडून पुढच्या दाराशी आले तर रांग खोळंबलेली. ऊन चढत होतं, किटल्यांतलं दूध नासायच्या बेतात होतं आणि दूध न्यायला आलेला टेम्पोवाला हॉर्न सोडायला तयार नव्हता. आत संस्थेचे सचिव तात्या घामाघूम झाले होते. कंप्युटरच्या पडद्यावर आपोआप शून्यावर शून्य उमटत होतं, त्यामुळे कुणाचाच सभासद नंबर टाकता येईना. "तास झाला बघ. बंद करून चालू केला, उदबत्ती बी ओवाळली," तात्या म्हणाले. "बीडचा माणूस निघालाय म्हनं."

उदबत्ती ऐकून मी नीट पाहिलं. तात्या रोज पहिली नोंद करण्याआधी कंप्युटरची पूजा करतात, हे गावाला ठाऊक आहे. त्या दिवशी संकष्टी म्हणून त्यांनी मूठभर अक्षता उधळल्या होत्या, जणू कंप्युटरचं लग्नच! मी दूर्वा टेबलावर ठेवल्या, कीबोर्ड उलटा करून दोन थापा मारल्या. तांदूळ सांडले. शून्याच्या बटणाखाली एक दाणा घट्ट बसला होता, तो ओढणीच्या पिनेनं उकरून काढला. शून्यं थांबली आणि रांग पुढे सरकली. मग बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून मी मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'पूजा जरूर करा, पण अक्षदा बटनावर टाकू नका.'

तेवढ्यात बीडहून मोटारसायकलवर इरफानभाई आले. संस्थांना ही यंत्रणा पुरवणाऱ्या कंपनीत ते दुरुस्तीचं काम पाहत. पुठ्ठा वाचून ते हसले आणि म्हणाले, "ताई, नोकरी कुठं करता?"

"कुठंच न्हाई."

"फोनवर असं सोपं करून सांगनारं मानूस आमाला पायजे. सोमवारी हापिसात या. घेतील का न्हाई, ते मी सांगू शकत न्हाई."

घरी येऊन मी आईबरोबर लिंबागणेशला गेले. दूर्वा वाहिल्या, हात जोडले आणि काही मागायचं सुचेचना. दहा वेळा हट्ट केला होता. त्या दिवशी पहिल्यांदा म्हणाले, देवा, तुझ्या मनात असेल ते. मन एकदम हलकं झालं.

सोमवारी बीडच्या ऑफिसात त्यांनी मला प्रश्न विचारलेच नाहीत. फोन हातात दिला. पलीकडे आष्टीकडच्या एका संस्थेचे सचिव संतापलेले. मी पुणं विसरले. "दादा, आदी पानी प्या. आता सांगा, पडद्यावर काय दिसतंय?" दहा मिनिटांत त्यांचं काम झालं आणि माझंही. ज्या बोलण्यानं पुण्यात नापास झाले, त्याच बोलण्यावर इथं निवडले गेले. याचा मला लई अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही.

रुजू झाल्याच्या आठवड्यातच आमच्या गावच्या संस्थेतून फोन आला. तात्या होते. कागद अडकला होता. मी सांगत गेले तसं त्यांनी केलं आणि यंत्र सुरू झालं. "म्याडम, लई उपकार झाले. कुटलं गाव तुमचं?"

"तुमचंच, तात्या. वळखलं न्हाई का?"

मग फोन तसाच धरून ते रांगेवर ओरडले, "आरं, आपली पोरगी हाय ही!"

तो दाणा कुणी अडकवला आणि मला त्याच सकाळी तिथं कुणी पाठवलं, याचा वाद मी घालत नाही. मी फक्त हात जोडते. तात्यांचा फोन आला त्या दिवशी रांगेत आईही दूध घालायला उभी होती. संध्याकाळी घरी गेल्यावर ती म्हणाली, "समदे वळून माज्याकडंच बघाया लागले. मी बी मान खाली घातली न्हाई."