टगच्या पोटातलं सिमेंट

"हातोडी खाली ठेवा," हेर ब्रांट म्हणाले. "हे डेंकमाल आहे."

हेर म्हणजे जर्मनमधलं श्रीयुत, आणि डेंकमाल म्हणजे जतन करायचं स्मारक. आम्ही दोघं एका जुन्या टगबोटीच्या तळाशी गुडघ्यांवर बसलो होतो, आणि ते ज्याला स्मारक म्हणत होते तो सिमेंटचा एक ओबडधोबड गोळा होता. त्याला राखाडी रंग देऊन वर दिवा लावला होता.

मी ब्राउनश्वाइगच्या एका सर्व्हे कंपनीत होतो. बोटीचा पत्रा किती झिजलाय ते तपासायचं आणि तिच्यावर माणसं चढवावीत की नाही ते लिहून द्यायचं, हे माझं काम. टग म्हणजे दुसऱ्या बोटी ओढणारी बोट. ही महायुद्धात जर्मन नौदलाची होती, पण समुद्र तिनं कधी पाहिला नाही. एल्ब नदीवर दारूगोळ्याचे बार्ज, म्हणजे सपाट तळाच्या मालबोटी, ओढायच्या, एवढीच तिची लढाई. एकदा जवळच सुरुंग फुटला आणि तळाचा पत्रा फाटला. खलाशांनी आतून लाकडी चौकट ठोकून तिच्यात सिमेंट ओतलं. याला सिमेंट बॉक्स म्हणतात. ही बंदर गाठेपर्यंतची मलमपट्टी.

युद्ध संपून साठ वर्षं झाली म्हणून ब्रांट यांची जुन्या बोटी जपणारी संस्था रविवारी या बोटीतून कॅनॉलमध्ये फेरी काढणार होती. शाळेची मुलं येणार होती. आजूबाजूचा पत्रा मोजला तर निम्माही उरला नव्हता. सिमेंटखाली काय आहे ते आतून कळेना, कारण मोजायचं यंत्र लोखंडाला टेकावं लागतं. मी म्हटलं, बोट पाण्याबाहेर काढा, बाहेरून बघतो. ब्रांट म्हणाले, काढू, रविवारनंतर.

मी साहेबांना फोन लावला. साहेब, हेर केसलर, स्वतः इंजिनिअर. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"आल्झो, हे बघा, साठ वर्षं टिकलंय ते. एक रविवार नाही टिकणार?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. या देशात आल्यापासून सगळे मला नियम शिकवत होते. रविवारी घरात खिळा ठोकला तर शेजारी दार वाजवतो. आणि पोरांच्या पायाखालच्या पत्र्याला मात्र रविवारची सूट! मी सही करणार नाही असं सांगितलं. मग दुसऱ्याला पाठवतो, असं म्हणून साहेबांनी फोन ठेवला.

तेवढ्यात ब्रांट वरून एका म्हाताऱ्या गृहस्थांना घेऊन आले. हेर ल्यूडर्स. युद्धात याच टगच्या बॉयलरमध्ये कोळसा टाकायचे. त्या खलाशांपैकी एकटे उरलेले, रविवारच्या फेरीचे पाहुणे. ते काठी टेकत शिडी उतरले आणि सिमेंटवर हात फिरवत मला म्हणाले, की वर विमानं घोंघावत असताना हे टिकलं, तुम्हाला काय कळणार त्यातलं.

ब्रांट खूश होऊन मान हलवत होते. "गेनाऊ, गेनाऊ. अगदी बरोबर."

मी भडकलो. म्हाताऱ्या माणसाशी बोलावं त्यापेक्षा आवाज जरा चढलाच.

"ओतलंत तेव्हा किती टिकवायचं ठरलं होतं?"

त्यांनी सिमेंटवरचा हात काढून घेतला.

"पुढच्या बंदरापर्यंत."

"मग बंदरात का नाही पत्रा बदलला?"

"बंदर उरलंच नव्हतं," ते म्हणाले.

मग वाकून त्यांनी माझी हातोडी उचलली. ब्रांट "नाही, नाही" म्हणत पुढे झाले. तरंगत्या बोटीत हलकेच ठोकून आवाज ऐकायचा असतो, घाव कधी घालायचा नसतो, पण मी हात धरायच्या आत त्यांनी गोळ्याच्या कडेवर घाव घातला. ढलपा निघाला. खाली लोखंड नव्हतंच. पापडासारखा गंज होता, तोही हाताला आला आणि पाणी आत येऊ लागलं. चिंध्या, लाकडी पाचर, माझं जाकीट, सापडेल ते आम्ही कोंबलं. फॉयरवेअर, म्हणजे अग्निशमन दल, पंप घेऊन येईपर्यंत ल्यूडर्स पाण्यात उभे राहून ती पाचर दाबून होते.

फेरी रद्द झाली. मुलांनी काठावरून बोट पाहिली. बाहेर काढल्यावर तिच्या तळातून माझी मूठ आरपार गेली. ल्यूडर्स मात्र पुन्हा तिच्यात बसू शकले नाहीत. पुढच्या वर्षी ते गेले.

ब्रांट यांनी तक्रार केली, स्मारकाची नासधूस झाल्याची. ल्यूडर्सवर नाही, माझ्यावर, कारण हातोडी माझी होती. केसलर साहेबांनी माझ्याकडे खुलासा मागितला. बोटीबद्दल एका शब्दानं विचारलं नाही.

तात्पुरती डागडुजी फार वर्षं टिकली की लोक तिला इतिहास म्हणू लागतात. सर्व्हेयरनं आधी तिथंच ठोकून बघावं.