सरांच्या दवाखान्यात मी गेले नाही

"हात दाखव," सर म्हणाले.

ऑपरेशन थिएटरमध्ये, सगळ्यांसमोर. मी नुकतीच हात धुऊन आले होते, हातमोजे चढवायचे बाकी होते. सरांनी माझे तळवे पाहिले आणि भूल देणाऱ्या मॅडमना म्हणाले, "कोयत्याचे हात आहेत. फाडायला ठीक, शिवायला जमायचं नाही."

मॅडम हसल्या. ब्रदर हसला. मीही हसले. त्या हसण्याचा मला आजही संताप येतो.

माझं घर पाथर्डीकडचं. आईवडील ऊस तोडतात. शाळेच्या सुट्टीत मीही कोल्हारच्या फडात मोळ्या बांधल्यात. सरकारी रुग्णालयात, सरांच्या युनिटमध्ये सर्जरी शिकायला प्रवेश मिळाला तेव्हा वाटलं, सुटले. सुटले कसली! वॉर्डातली ड्रेसिंगं, अपघात विभाग, रक्ताच्या पिशव्यांसाठी धावाधाव, थिएटर. वर सरांचा खासगी दवाखाना. तिथे संध्याकाळी ऑपरेशनला पेशंटचं उघडलेलं पोट ताणून धरायला आम्ही रेसिडेंट फुकट जायचो. तशी पद्धतच होती. जो जाईल त्याला सर इथे रुग्णालयात सुरी देणार, म्हणजे स्वतः ऑपरेशन करू देणार. मी जात होते, पण मला अजून एकदाही मिळाली नव्हती. आईचा फोन यायचा तेव्हा माझे हात कुणाच्या तरी पोटात असायचे.

एके दुपारी सरांचा फोन आला. "संध्याकाळी ये. पित्ताशय आहे, धरायला कुणी नाही. उद्याचा हर्निया तुझा."

माझं पहिलं ऑपरेशन. अंगावर मूठभर मांस चढलं.

निघताना वॉर्डात डोकावले. आतडं फुटून आलेली एक ऊसतोडीची बाई होती, सरांनीच ऑपरेशन केलेलं. सकाळच्या राउंडला ती म्हणाली होती, "बरं हाय. सोडा आता." सर पुढे गेले, त्यांच्यामागे मीही. आता तिच्या कपाळावर घाम होता. नाडी पळत होती. पोट फळीसारखं कडक.

"दुखतंय का?"

"न्हाई. बरं हाय."

नवरा म्हणाला, "टोळी थांबलीय ना आमच्यासाठी, म्याडम."

हे 'बरं हाय' मी लहानपणापासून ऐकलंय. तापानं फणफणलेली माझी आई मुकादमाला हेच सांगायची आणि मोळी उचलायची. आजारी पडणं आमच्यात परवडतच नाही.

मी सरांना फोन लावला. "सर, बाई बिघडतेय. आतली शिवण सुटली असावी. मी येत नाही."

"कोण, ती ऊसतोडवाली? काही होत नाही. चिवट असतात ही माणसं. तू नीघ."

मी म्हणाले, "मी त्याच माणसांतली आहे, सर. तिचं पोट परत उघडावं लागेल. तुम्ही या, नाहीतर दुसऱ्या युनिटच्या सरांना बोलावते."

त्यांनी फोन ठेवला. दुसऱ्या युनिटचे सर आले. पोट उघडलं, तर शिवण सुटलीच होती.

बाई अजून आयसीयूत आहे. जगेल का, कुणी सांगू शकत नाही. हर्निया दुसऱ्याला गेला, त्यानंतरचं प्रत्येक ऑपरेशनही. सगळे समजावतात, पाय धर, माफी माग, पास व्हायचंय ना?

व्हायचंय. पण माफी मागणार नाही. सर्जरीही सोडणार नाही. शिकवणं ही त्यांची मेहेरबानी नाही, ते त्यांचं काम आहे. आता रोज सकाळी ऑपरेशनं वाटली जातात तेव्हा मी सगळ्यांसमोर उभी राहून विचारते, "सर, यातलं माझं कुठलं?" सर यादीतलं पुढचं नाव वाचतात. उद्याही विचारणार आहे.